किल्ल्याच्या दाराशी आलेली तीन माणसं : अमेरिकेतलं यादवी युद्ध कशासाठी झालं

२३ मे १८६१ ची रात्र. व्हर्जिनिया राज्याच्या किनाऱ्यावरून तीन माणसं एका लहानशा होडीत बसली आणि समोरच्या किल्ल्याच्या दिशेने वल्ही मारू लागली. फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड. तिघंही गुलाम. त्यांचा मालक अमेरिकेतून फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांच्या बंडखोर फौजेत कर्नल होता आणि या तिघांना तोफांचा मोर्चा बांधण्याच्या कामाला जुंपलं होतं. आता त्यांना आणखी दक्षिणेला, नॉर्थ कॅरोलायनात, असल्याच कामासाठी धाडायचं ठरत होतं. म्हणजे बायकामुलांची ताटातूट. तिघांनी ठरवलं, जायचं नाही.

समोरचा किल्ला होता फोर्ट मन्रो. त्याच दिवशी व्हर्जिनियातल्या मतदारांनी अमेरिकेतून बाहेर पडण्यावर शिक्कामोर्तब केलं होतं. किल्ला मात्र अजून अमेरिकी सरकारच्या ताब्यात होता.

दुसऱ्या दिवशी मालकाच्या वतीने एक मेजर पांढरं निशाण घेऊन हजर झाला. आमची मालमत्ता परत करा, एवढंच त्याचं म्हणणं. कायदा त्याच्याच बाजूने होता: पळून आलेला गुलाम मालकाच्या हवाली करणं साऱ्या देशात बंधनकारक होतं. किल्ल्याचे प्रमुख जनरल बेंजामिन बटलर पेशाने वकील. त्यांनी मेजरला उलट विचारलं की तुमच्या मते व्हर्जिनिया आता परका देश आहे ना, मग अमेरिकेचा कायदा तुम्ही कुठल्या तोंडाने मागता? मालकाला माणसं हवी असतील तर त्याने इथे यावं, अमेरिकेशी निष्ठेची शपथ घ्यावी आणि घेऊन जावं. तोपर्यंत ही माणसं म्हणजे शत्रूच्या लढाईच्या कामातला जप्त माल. त्यांनी शब्द वापरला ‘काँट्राबँड’. माणसाला माल म्हणणाऱ्या कायद्याचाच आधार घेऊन त्यांनी माणसं ठेवून घेतली.

बटलर काही गुलामगिरीविरुद्ध झटणारे नव्हते. आदल्याच वर्षी पक्षाच्या अधिवेशनात त्यांनी जेफरसन डेव्हिस यांना राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मिळावी म्हणून मत दिलं होतं, आणि हेच डेव्हिस आता बंडखोरांचे अध्यक्ष होते. दारात तीन माणसं येऊन उभी राहिली नसती तर हा युक्तिवाद त्यांना कधी सुचलाही नसता. बातमी तोंडोतोंडी पसरली. दोन-तीन दिवसांत डझनावारी माणसं आली, बायका आल्या, कडेवर पोरं घेऊन आया आल्या. जुलैअखेर किल्ल्यात अशी नऊशे माणसं होती.

आपण शाळेत एका ओळीत शिकतो की अब्राहम लिंकननी गुलामांना मुक्त केलं. ती ओळ खोटी नाही. पण तिच्यात लिंकनच्या आधी चालत, पोहत, वल्ही मारत निघालेली ही माणसं कुठेच दिसत नाहीत, आणि ती दिसल्याशिवाय हे युद्ध नीट समजत नाही असं मला वाटतं.

आता जरा मागे जाऊ. फोर्ट मन्रो ज्या भूशिरावर उभा आहे त्याचं नाव पॉइंट कम्फर्ट. १६१९ साली इंग्रजांच्या व्हर्जिनिया वसाहतीत वीस-बावीस आफ्रिकी माणसं विकण्यासाठी पहिल्यांदा उतरवली गेली, ती याच ठिकाणी. पुढच्या दीडशे वर्षांत हा व्यवहार तंबाखू, भात आणि निळीच्या मळ्यांवर पक्का रुजला. मूल आईच्या दर्जाने जन्मेल, म्हणजे गुलाम बाईचं मूल गुलामच, असा कायदा व्हर्जिनियाने १६६२ मध्ये केला. बाप मालक असला तरी! एका पिढीचं दास्य वंशपरंपरेचं झालं ते असं.

१७७६ मध्ये अमेरिकेने स्वातंत्र्य जाहीर केलं, सगळी माणसं समान जन्मतात असं लिहिलं, आणि ते लिहिणारे थॉमस जेफरसन स्वतः शेकडो गुलामांचे मालक होते. १७८७ च्या राज्यघटनेत ‘गुलाम’ हा शब्द शोधून सापडत नाही, पण तडजोडी सापडतात. त्यातली एक सांगायलाच हवी. संसदेच्या कनिष्ठ सभागृहातल्या जागा लोकसंख्येवर ठरणार होत्या. गुलामांना मत नव्हतं, हक्क नव्हता, पण जागा मोजताना दर पाच गुलामांची तीन माणसं धरायची असं ठरलं. म्हणजे मालक जितके गुलाम बाळगणार तितकं केंद्रात त्यांच्या राज्याचं वजन वाढणार.

तरीही त्या काळी अनेकांना वाटत होतं की ही प्रथा हळूहळू विझेल. उत्तरेकडची राज्यं एकेक करून ती बंद करत होती. सगळं फिरलं ते कापसामुळे. अमेरिकेच्या आतल्या भागात पिकणाऱ्या कापसाची सरकी रुईच्या धाग्यांना घट्ट चिकटलेली असे आणि एका माणसाला दिवसभरात जेमतेम पौंडभर रुई मोकळी करता येई. १७९३ मध्ये एली व्हिटनीने सरकी काढायचं यंत्र बनवलं. इंग्रजीत त्याला ‘जिन’ म्हणत. वऱ्हाड-खानदेशात आजही बाजारपेठेच्या गावाबाहेर जी ‘जिनिंग’ दिसते, ते नाव याच शब्दाचं. या यंत्रावर एक माणूस दिवसाला पन्नास पौंड रुई काढू लागला. सरकी काढणं सोपं झालं, पण लावणं, खुरपणं आणि वेचणं हातानेच होतं. त्यासाठी हात हवे होते. १७९० मध्ये देशात सुमारे सात लाख गुलाम होते, १८६० मध्ये जवळजवळ चाळीस लाख.

बाहेरून गुलाम आणण्यावर १८०८ पासून बंदी होती. मग हे हात आले कुठून? देशातल्या देशातच बाजार भरू लागला. व्हर्जिनिया, मेरिलँडसारख्या जुन्या राज्यांतून मिसिसिपी, अलाबामा, लुइझियानाच्या नव्या कापूसपट्ट्यात सुमारे दहा लाख माणसं हलवली गेली, बरीचशी विकून. साखळीला साखळी जोडून शेकडो मैल चालवत नेलेल्या रांगा असत. नवरा एका मळ्यावर, बायको दुसऱ्या, मुलगी लिलावात तिसऱ्याच्या हाती. मालकाला कर्ज झालं, मालक मेला, मालकाच्या मुलीचं लग्न ठरलं, की कुणाच्या तरी घरातलं माणूस उचललं जाई.

आणि पैसा! १८६० मध्ये अमेरिकेच्या एकूण निर्यातीत निम्म्याहून जास्त वाटा एकट्या कापसाचा होता. गुलाम माणसांची बाजारातली किंमत देशातल्या सगळ्या रेल्वे आणि कारखान्यांच्या भांडवलापेक्षा जास्त भरत होती. इतका पैसा गुंतलेली गोष्ट कुणी उपदेशाने सोडत नसतं. न्यूयॉर्कचे सावकार, उत्तरेतल्या कापडगिरण्या, इंग्लंडमधलं लँकेशायर, सगळ्यांचे हात या कापसाला लागलेले होते, हेही विसरता येत नाही.

भांडण मग नेमकं कशावरून पेटलं? देश पश्चिमेला पसरत होता आणि नवी राज्यं तयार होत होती. सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, प्रत्येक राज्याला दोन जागा, राज्य लहान असो की मोठं. नवं राज्य गुलामगिरीचं की मुक्त, यावर सत्तेचा काटा कुठे झुकणार हे ठरत होतं. १८२० मध्ये नकाशावर एक रेघ ओढून, साधारण तिच्या उत्तरेला मुक्त आणि दक्षिणेला गुलामगिरी, अशी तडजोड झाली. १८५४ मध्ये ती रेघ पुसून कॅन्ससच्या लोकांनी आपलं आपण ठरवावं असं म्हटलं गेलं, आणि कॅन्ससमध्ये दोन्ही बाजूंची माणसं बंदुका घेऊन पोहोचली. १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट नावाच्या माणसाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की आफ्रिकी वंशाचा माणूस, गुलाम असो वा मुक्त, अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही, आणि नव्या प्रदेशांत गुलामगिरी रोखण्याचा अधिकार संसदेला नाही. स्कॉट मुक्त प्रदेशात वर्षानुवर्षं राहिलेला होता. त्याने मागितलं होतं ते फक्त स्वतःचं, बायकोचं आणि दोन मुलींचं स्वातंत्र्य.

यात एक कायदा असा आहे की तो समजला की पुढचा एक मोठा वाद आपोआप सुटतो. १८५० चा पलायित गुलामांचा कायदा. याने उत्तरेतल्या मुक्त राज्यांतल्या सामान्य नागरिकालाही गुलाम पकडायला मदत करणं भाग पाडलं. पकडलेल्या माणसाला स्वतःच्या बाजूने साक्ष देता येत नव्हती. निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याला माणूस मालकाच्या हवाली केला तर दहा डॉलर मिळत, सोडून दिला तर पाच. उत्तरेतल्या काही राज्यांनी याविरुद्ध आपले कायदे केले. तेव्हा दक्षिणेने काय म्हटलं? राज्यांना असं करायचा अधिकार नाही, केंद्राने त्यांना वठणीवर आणावं!

हे सांगायचं कारण असं, की आजही पुष्कळदा ऐकू येतं की हे युद्ध गुलामगिरीसाठी नव्हतं, ‘राज्यांच्या हक्कां’साठी होतं. ज्यांनी युद्ध सुरू केलं त्यांचेच कागद वाचावेत. १८६० च्या निवडणुकीत लिंकन जिंकले, साधारण चाळीस टक्के मतं मिळवून. दक्षिणेतल्या दहा राज्यांत तर त्यांना मत द्यायची सोयच नव्हती. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की गुलामगिरी आहे तिथे आम्ही हात लावणार नाही, पण नव्या प्रदेशात पसरू देणार नाही. दक्षिणेला तेवढंही चाललं नाही. २० डिसेंबर १८६० ला साउथ कॅरोलायना फुटून निघालं आणि कारणांचं जाहीर पत्रक काढलं. पळालेले गुलाम उत्तरेतली राज्यं परत करत नाहीत ही त्यातली मोठी तक्रार. मिसिसिपीच्या पत्रकात सुरुवातीलाच स्वच्छ लिहिलंय की आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे जोडलेली आहे. बंडखोर सरकारचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स २१ मार्च १८६१ ला सवाना शहरात भाषण करताना म्हणाले की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, हीच आमच्या नव्या राज्याची कोनशिला आहे. त्यांच्या नव्या राज्यघटनेने तर गुलामांवरच्या मालकी हक्काला बाधा येईल असा कायदा करायलाच बंदी घातली. याहून स्पष्ट काय लिहायचं असतं?

एक प्रश्न नेहमी विचारला जातो. दक्षिणेतल्या दर चार गोऱ्या कुटुंबांपैकी साधारण एकाकडेच गुलाम होते, मग बाकीचे गरीब गोरे मरायला का गेले? गाव धोक्यात आहे म्हणून काही गेले, पुढे सक्तीच्या भरतीत बरेच ओढले गेले. पण एक कारण आपल्या मातीतल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. आपल्या खाली कुणीतरी आहे, आणि तो जन्माने खाली आहे, ही खात्री फाटक्यातल्या फाटक्या माणसालाही मोठेपण देते. ते मोठेपण जाणार या भीतीनेही माणसं लढतात.

१२ एप्रिल १८६१ च्या पहाटे साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटन बंदरात फोर्ट सम्टरवर बंडखोरांनी तोफा डागल्या आणि युद्धाला तोंड फुटलं. आधी सात राज्यं फुटली होती, नंतर आणखी चार. गुलामगिरी असलेली केंटकी, मिझुरी, मेरिलँड आणि डेलावेअर ही चार सीमेवरची राज्यं मात्र संघराज्यातच राहिली. त्यांना दुखवायचं नाही, ही लिंकनची पहिली दोन वर्षं सगळ्यात मोठी अडचण होती. आपण लढतोय ते देश एकत्र ठेवण्यासाठी, असंच ते सांगत राहिले.

लढायांची जंत्री इथे देत नाही. पण त्याच चार्ल्सटन बंदरातली एक पहाट सांगतो. १३ मे १८६२. ‘प्लँटर’ नावाची बंडखोरांची वाफेची बोट धक्क्याला लागलेली. गोरे अधिकारी रात्री नियम मोडून घरी झोपायला गेले होते. बोटीचं सुकाणू धरणारा रॉबर्ट स्मॉल्स, वय २३, गुलाम. त्याने आणि सोबतच्या गुलाम खलाशांनी अंधारात बोट सोडली, वाटेत एका धक्क्याला लावून बायकामुलांना चढवलं. मग स्मॉल्सने कप्तानाची रुंद काठाची गवती टोपी डोक्यावर ओढली आणि कप्तान उभा राही तसाच हात बांधून उभा राहिला. बंदरातल्या प्रत्येक किल्ल्यापुढून जाताना शिट्टीची ठरलेली खूण द्यायची होती. वर्षभर बघून-ऐकून त्याला ती पाठ होती. फोर्ट सम्टरच्या तोफांखालून बोट शिट्टी देत गेली आणि पहारेकऱ्यांनी जाऊ दिली. तोफांचा टप्पा ओलांडल्यावर बंडखोरांचं निशाण उतरवलं आणि पांढरी चादर चढवली, समोरच्या अमेरिकी जहाजाने गोळा टाकण्याच्या बेतात असतानाच ती पाहिली. सोळा माणसं त्या सकाळी मोकळी झाली. हाच स्मॉल्स पुढे अमेरिकेच्या संसदेत निवडून गेला, आणि ज्या मालकाच्या घरामागच्या खोपटात तो जन्मला होता ते घर त्याने विकत घेतलं.

अशी माणसं हजारोंनी सैन्याच्या छावण्यांत येत होती. त्यांना परत पाठवायचं तर शत्रूला मजूर पुरवल्यासारखं, ठेवायचं तर ती गुलाम की मुक्त? संसदेला कायदे करावे लागले. सप्टेंबर १८६२ मध्ये अँटिएटमच्या लढाईत एका दिवसात दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे २३ हजार मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. बंडखोर मागे हटले, आणि पाच दिवसांनी लिंकननी जाहीर केलं की १ जानेवारी १८६३ पासून बंडखोर प्रदेशातले सगळे गुलाम मुक्त असतील.

या जाहीरनाम्यावर एक आक्षेप घेतला जातो, तो खरा आहे: संघराज्यात राहिलेल्या राज्यांतल्या गुलामांना तो लागूच नव्हता. लिंकननी तो सरसेनापतीच्या अधिकारात काढला होता आणि तो अधिकार शत्रूच्या प्रदेशापुरताच चालतो. इतर ठिकाणी घटना बदलावी लागणार होती. तरी कागदाचा परिणाम फार मोठा झाला. इंग्लंडला आता बंडखोरांच्या बाजूने उभं राहणं अवघड झालं. आणि काळ्या माणसांना सैन्यात घ्यायचं दार उघडलं. सुमारे १ लाख ८० हजार जण भरती झाले, नौदलात आणखी काही हजार. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर, यांना १०, त्यातूनही कपड्यांचे ३ कापून. मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीने असला पगार घ्यायलाच नकार दिला. फुकट लढले, जुलै १८६३ मध्ये फोर्ट वॅगनरच्या तटावर चढून मेले, पण कमी पगाराला हात लावला नाही. जून १८६४ मध्ये संसदेने समान पगाराचा कायदा केला. मला या युद्धातली ही सर्वांत ताठ मानेची गोष्ट वाटते.

गेटिसबर्ग, व्हिक्सबर्ग, अटलांटा अशा लढाया हरत ९ एप्रिल १८६५ ला बंडखोरांचे मुख्य सेनापती रॉबर्ट ली यांनी व्हर्जिनियात अपोमॅटॉक्स इथे शरणागती दिली. पाच दिवसांनी लिंकनना नाटक बघताना गोळी घातली गेली. सव्वातीन कोटींपेक्षाही कमी वस्तीच्या देशात किमान ६ लाख २० हजार शिपाई मेले. अलीकडचे अभ्यास हा आकडा सात लाखांच्या आसपास किंवा त्याहून वर नेतात. त्यातले निम्म्याहून जास्त रोगराईने गेले. टेक्ससमधल्या गॅल्व्हेस्टनच्या गुलामांना आपण मोकळे असल्याचा हुकूम ऐकवला गेला तो १९ जून १८६५ ला, जाहीरनाम्यानंतर अडीच वर्षांनी. डिसेंबर १८६५ मध्ये तेरावी घटनादुरुस्ती मंजूर झाली आणि गुलामगिरी देशभर संपली.

या सगळ्याची धग आपल्याकडेही पोहोचली होती. अमेरिकी नौदलाने दक्षिणेची बंदरं रोखल्यावर लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या. तिथले कामगार बेकार झाले, तरी मँचेस्टरच्या कामगारांनी सभा घेऊन लिंकनना पाठिंब्याचं पत्र धाडलं. गिरणीवाल्यांनी मात्र कापसासाठी मुंबईकडे मोर्चा वळवला. वऱ्हाड, खानदेश, गुजरातचा कापूस सोन्याच्या भावाने गेला, मुंबईत रोज नव्या बँका आणि समुद्र बुजवायच्या कंपन्या निघाल्या. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि शहरातली मोठमोठी घराणी बसली. त्या तेजीतले सर्वांत मोठे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर अजून फोर्टात उभा आहे.

पुण्यात एका माणसाने या युद्धाकडे कापसाच्या भावापलीकडे जाऊन पाहिलं. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक काढलं आणि ते अमेरिकेतल्या त्या सज्जनांना अर्पण केलं ज्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली. आपल्या देशबांधवांनीही शूद्रांच्या मुक्तीसाठी त्यांचा कित्ता गिरवावा, ही आशा त्याच अर्पणपत्रिकेत आहे. त्याच वर्षी सत्यशोधक समाज स्थापन झाला. हजारो मैलांवरच्या युद्धाचं मर्म इतक्या लवकर आणि इतक्या नेमकं ओळखणारे किती जण होते त्या काळात?

अमेरिकेत पुढे जे झालं ते दुःखाचं आहे. राजधानी वॉशिंग्टनमध्ये १८६२ मध्ये गुलाम सोडवताना सरकारने भरपाई दिली, ती मालकांना. अमेरिकी सैन्याचे जनरल शर्मन यांनी किनारपट्टीवरची जमीन चाळीस-चाळीस एकरांनी मुक्त झालेल्यांना वाटली होती. लिंकननंतर राष्ट्राध्यक्ष झालेले अँड्र्यू जॉन्सन यांनी ती जुन्या मालकांना परत करवली. घटनेने नागरिकत्व दिलं, पुरुषांना मत दिलं, १८७० मध्ये मिसिसिपीतून हायरम रेव्हल्स हे पहिले काळे सिनेटर झाले. पण तेराव्या दुरुस्तीत ‘गुन्ह्याची शिक्षा सोडून’ अशी एक फट होती. बेकार फिरणं हाच गुन्हा ठरवून माणसं पकडायची आणि मळ्यांना, खाणींना भाड्याने द्यायची, हा धंदा त्या फटीतून चालला. १८७७ मध्ये केंद्राचं सैन्य दक्षिणेच्या राजकारणातून मागे घेतलं गेलं, आणि मताचा हक्क पुढच्या काळात कर, परीक्षा आणि दहशतीने काढून घेतला. तो पुन्हा हाती यायला १९६५ चा कायदा यावा लागला.

आणि विकली गेलेली घरची माणसं? युद्ध संपताच लोक त्यांना शोधायला निघाले. काही पायी गेले. बऱ्याच जणांनी वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या. न्यू ऑर्लिन्सच्या एका ख्रिस्ती साप्ताहिकात १८७९ पासून अशा पत्रांचं सदरच चालू झालं, आणि ती पत्रं पाद्र्यांनी रविवारी चर्चमध्ये मोठ्याने वाचून दाखवावीत अशी विनंती त्यावर छापलेली असे. पत्रात काय असायचं? आईचं नाव, भावंडांची नावं, शेवटची भेट कुठे झाली ते. आणि त्याच्याबरोबर आम्ही कुणाच्या मालकीचे होतो, आईला कुणी विकलं, कुणी घेतलं, तिला कोणता व्यापारी घेऊन गेला. आईचं आडनाव आता काय असेल हे लेकरांना ठाऊक नसायचं. तिला शोधायचं तर तिला विकणाऱ्याचंच नाव सांगावं लागे. विसावं शतक उजाडलं तरी ही पत्रं येतच होती.